गाडीतला ओलावा कोण मोजणार?

सोयाबीन घेऊन बाजार समितीच्या आवारात गेलेल्या शेतकऱ्याला एक लहानसे यंत्र चांगले ठाऊक असते. मूठभर दाणे त्यात टाकले की आकडा उमटतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. वर गेला की व्यापाऱ्याचा चेहरा बदलतो आणि त्याबरोबर भावही. २०२४ च्या हंगामात परतीच्या पावसाने दाणा भिजला, तेव्हा हमीभावाच्या खरेदीसाठी ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. तीन टक्के ओलाव्यासाठी दिल्लीपर्यंत बोलणी करावी लागतात, इतके हे मोजमाप पक्के. पण तोच शेतकरी सोयाबीनच्या पैशातून जुनी चारचाकी घ्यायला निघतो, तेव्हा त्या गाडीत किती पाणी मुरले आहे हे सांगणारे यंत्र कुठेच नसते. तिथे त्याच्या हातात असते ती विकणाऱ्याची जीभ आणि शॅम्पूने धुतलेल्या सीटकव्हरचा वास.

पुरात बुडालेली गाडी स्वस्तात मिळते आहे, घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आता नवलाचा राहिलेला नाही. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गावातल्या जुन्या गाड्यांच्या ओळीसमोर पाच मिनिटे उभे राहा. बाहेरच्या जिल्ह्याच्या पासिंगची, मॉडेलच्या मानाने फारच चकचकीत आणि किमतीच्या मानाने फारच नम्र अशी एखादी गाडी तिथे दिसते. ती प्रत्येक वेळी पुरातलीच असते असे नाही. पण कधी असते, आणि ती कोणती हे ओळखण्याची सोय गिऱ्हाइकाकडे नसते.

या गाड्या येतात कुठून? २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याकडे सबंध पावसाळ्यातही एवढा पडला तर आपण चांगले वर्ष म्हणतो. त्या रात्री हजारो गाड्या रस्त्यांवर, तळघरांत, सोसायट्यांच्या आवारांत पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा बँकेत कर्जाच्या फायली पाहत असे. पुढच्या वर्षभरात जुन्या वाहनांच्या अर्जांसोबत मुंबई पासिंगची आरसी बुके वारंवार टेबलावर येऊ लागली, ही आठवण स्पष्ट आहे. मग डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. आणि मग पूर अगदी आपल्या अंगणात आला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि घरांसमोर लावलेल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. नागपूर ते मेहकर हा प्रवास समृद्धी महामार्गाने आता काही तासांचा. माणसे लवकर पोहोचतात, तशा गाड्याही पोहोचतात.

पाण्याने गाडीचे होते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण विकणारा नेहमी म्हणतो, 'साहेब, पानी फक्त पायदानापर्यंत आलं व्हतं.' अॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा जमाना होता तेव्हा हे वाक्य फारसे भीतीदायक नव्हते. बुडालेली गाडी मिस्त्री उन्हात उभी करी, तेल बदली, प्लग काढून सिलिंडरमधले पाणी उडवी, डिस्ट्रिब्युटर पुसून घेई, आणि आठ दिवसांत ती पुन्हा धूर सोडत निघे. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी संगणकाचा मेंदू आला. आताच्या गाडीत इंजिनाला एक मेंदू, ब्रेकला एक, एअरबॅगला एक. त्यांना जोडणारी मैलभर तार गालिच्याखालून, सीटखालून, दारांच्या पोटातून गेलेली. एअरबॅगची पेटी तर बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, जवळजवळ जमिनीलगत असते. म्हणजे 'पायदानापर्यंत' आलेले पाणी आज नेमके नाजूक जागी पोहोचलेले असते.

शिवाय पुराचे पाणी हे काही विहिरीचे पाणी नव्हे. त्यात गाळ असतो, गटार असते, मुंबईसारख्या ठिकाणी खाडीचे मीठ असते. तारांच्या जोडणीत तांब्यावर हिरवट गंज चढतो. तो पहिल्या महिन्यात काहीच करीत नाही. सहाव्या महिन्यात एखाद्या सकाळी काचा खाली जात नाहीत, मग एखाद्या रात्री दिवे मिणमिणतात, आणि मग एक दिवस बोथ्याच्या घाटात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या मध्यावर, गाडी न बोलता बंद पडते. गॅरेजवाला एक सेन्सर बदलतो, पुढच्या महिन्यात दुसरा. गंभीर गोष्ट अशी की ब्रेकची एबीएस यंत्रणा आणि एअरबॅग नीट आहेत की नाहीत, हे रोजच्या चालवण्यातून कळतच नाही. त्यांची परीक्षा एकदाच होते. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, डिसेंबर २०२१ च्या अखेरपासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. कायद्याने दिलेले हे संरक्षण पुराच्या पाण्याने काढून घेतले असेल, तरी ते गाडीच्या कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते.

इंजिनाचे दुखणे निराळे. हवा आत ओढण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले आणि त्याच अवस्थेत कोणी चावी फिरवली, तर पिस्टन पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. थोडासा वाकला तर इंजिन सुरूही होते, चालतेही, आणि काही हजार किलोमीटरनंतर तोच रॉड इंजिनाच्या कुशीतून बाहेर येतो. पाण्यात उभ्या गाडीची चावी फिरवल्याने झालेले असे नुकसान विमा कंपन्या सहसा साध्या विम्यात धरत नाहीत. त्याला वेगळे इंजिन-संरक्षण घ्यावे लागते. म्हणून अनेक मूळ मालक ही दुरुस्ती टाळून गाडी आहे तशी फुंकून टाकतात.

आता पैशाचा प्रवास पाहू. माझे आयुष्य तोच पाहण्यात गेले. विमापत्रावर गाडीची एक किंमत छापलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. समजा, किंमत ५ लाख आहे आणि सर्व्हेअरने खर्च ४ लाख काढला. मग बुडालेल्या सांगाड्याची बोली लागते. समजा, कोणी १ लाख ४० हजार देऊ केले. मालकाला त्या खरेदीदाराकडून १ लाख ४० हजार मिळतात, उरलेले साधारण ३ लाख ६० हजार कंपनी देते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँक आधी आपले घेते. इथपर्यंत सगळे रास्त आहे. मालक बुडाला नाही, बँक बुडाली नाही, विमा कंपनीने आपले नुकसान कमी केले.

मेख आहे ती पुढच्या दोन शब्दांत. हा हिशेब दोन तऱ्हांनी मिटतो : 'आरसीसह' किंवा 'आरसीविना'. आरसीविना म्हणजे नोंदणी रद्द, गाडी भंगारात, तिचे दार-चाक सुटे विकले जाईल. आरसीसह म्हणजे सांगाड्याबरोबर तिचे जिवंत कागदही खरेदीदाराच्या हाती. भंगार म्हणून घेतलेल्या वस्तूला असा पुनर्जन्माचा दाखला जोडून मिळतो. खरेदीदार ६०-७० हजार खर्च करतो : गालिचा नवा, सीटकव्हर नवे, छताचे कापड नवे, इंजिन वरवर धुतलेले, डेंटिंग-पेंटिंग. आणि बाजारात सव्वाचार लाखांना जाणारी ती गाडी तो पावणेतीनला देतो. गिऱ्हाइकाला वाटते, दीड लाख वाचले. खरे म्हणजे नागपूरच्या किंवा मुंबईच्या त्या रात्रीचे जे नुकसान सगळ्यांनी पुढे ढकलत आणले, ते शेवटी या माणसाच्या दारात उभे राहिलेले असते, आणि त्याच्या पुढे ढकलायला कोणी नसतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे. पण 'कायमचे निकामी' कोणाला म्हणायचे? विमा कंपनीच्या लेखी जी गाडी दुरुस्तीला परवडत नाही, ती कुठल्याशा वस्तीतल्या मिस्त्रीच्या लेखी महिनाभराची रोजी असते. त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्याचे कसब मोठे आहे. पण या दोन व्याख्यांच्या फटीतून गाडी निसटते.

जुलै २०२३ मध्ये आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला, जमिनी खरडून गेल्या. तलाठी आला, पंचनामे झाले. किती आर गेले, कोणाचे गेले, हे कागदावर आले. पुरात शेळी वाहून गेली तरी तिची नोंद होते. बुडालेल्या मोटारीचा पंचनामाही होतो, सर्व्हेअर फोटोंसह तो करतो, पण तो विमा कंपनीच्या फायलीत राहतो. आरसीवर त्याचा मागमूस नसतो. अमेरिकेत वाहनाच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' असा शिक्का मारण्याची पद्धत आहे. तिथेही लबाडी चालते, एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात धुतला जातो. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिथेही भिजलेल्या गाड्यांचा मोठा गवगवा झाला होता. पण धुवायला निदान शिक्का तरी असतो.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. काही नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे आपल्या बैलबाजारातल्या कोणाही म्हाताऱ्याला पटेल. विकणाऱ्याला जनावराची खोड माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्यांनाच खोडीचे समजून भाव पाडतो. मग चांगल्या बैलाचा मालक म्हणतो, या भावात मी कशाला विकू, आणि तो बाजारातून उठतो. उरतात ती खोडीची जनावरे. म्हणजे पुरातली गाडी फक्त घेणाऱ्याला बुडवीत नाही. मलकापूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने दहा वर्षे जपून वापरलेली गाडीही तिच्यामुळे पडेल भावात जाते. बैलबाजाराने यावर आपले उपाय काढले होते. दात पाहायचे, चालवून पाहायचे, चार दिवस जुवाखाली धरून पाहायचे आणि बसला तर परत करायचा. आमच्या मोटारीच्या बाजारात गाडीला 'एक राउंड मारून या' एवढीच मुभा असते, आणि तीही विकणारा शेजारी बसून.

गेल्या वर्षी चिखलीच्या एका परिचितांचा मुलगा हाच प्रश्न घेऊन आला. वडिलांना पंधरवड्यातून एकदा छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावे लागते. प्रत्येक खेपेला भाड्याच्या गाडीचे ५ हजार जातात. दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची एक गाडी २ लाख ६० हजारांना मिळत होती; तसलीच दुसरीकडे सव्वाचारला होती. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे, किंवा चतुराईने, 'थोडं पाणी लागलं होतं' हे सांगितलेही होते. ८० हजार घरचे, १ लाख ८० हजार पतसंस्थेचे, असा बेत. 'काका, वडिलांची दगदग थांबंल,' तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात हौस नव्हती, निकड होती. अशा माणसाला 'घेऊ नको' म्हणणे सोपे नसते.

आम्ही कागद घेऊन बसलो. १ लाख ८० हजारांवर १४ टक्के दराने तीन वर्षांचा हप्ता सुमारे ६ हजार १५०. दोन खेपांचे सहाशे किलोमीटर, चाळीस लिटर पेट्रोल, म्हणजे ४ हजारांच्या वर. झाले १० हजार; भाड्याच्या गाडीला लागतात तेवढेच. यात विमा नाही, टायर नाही, एकही बिघाड नाही. तीन वर्षांनी गाडी आपली राहते हे खरे, पण कोणत्या अवस्थेत? मधे एकदा इंजिन काढावे लागले तर ८० हजारांचा धक्का, आणि बंद पडलेल्या गाडीचा हप्ता काही बंद पडत नाही. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. उलट ते घरचे ८० हजार बाजूला ठेवले तर आठ महिने भाड्याची गाडी दारात येते, आणि वाटेत बिघडली तर दुसरी पाठवणे हे गाडीवाल्याचे काम असते. आजारी माणसाला दीडशे किलोमीटर न्यायचे आहे, तेव्हा 'सहसा चालते' अशी गाडी सर्वांत महाग.

तरीही मी त्याला म्हटले, एवढ्यावर सोडू नको, विचारून बघ. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन मागच्या कामांची यादी माग. ती विकणाऱ्याच्या संमतीने मिळू शकते. आरसीवरच्या मूळ मालकाशी एकदा बोलणे करून दे म्हण. विम्याचा क्लेम झाला होता का आणि कशावर मिटला, ते विचार. आणि आपला मिस्त्री, विकणाऱ्याचा नव्हे, सोबत ने. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचा. धुणारे सगळे धुतात, पण बेल्टच्या गुंडाळीतला गाळाचा पट्टा विसरतात. स्टेपनीच्या खळग्यात, सीटच्या रुळांवर, डॅशबोर्डखालच्या स्क्रूवर गंज पाहायचा. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ दिसते का? गिअरचे तेल दुधाळ आहे का? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर कोणीतरी तो काढून टाकला आहे असे समजावे. आणि काचा लावून दुपारच्या उन्हात तासभर उभी केलेली गाडी उघडल्यावर जो वास येतो, तो कोणत्याही अत्तराने झाकत नाही.

कागदांचे तर आणखी. अशा गाड्या तीन-चार हातांतून येतात आणि नाव मात्र पहिल्याचेच राहते. बरोबर येतात ते सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, मग त्याने गाडी कधीचीच विकलेली असो. तेव्हा आपल्या नावावर व्हायच्या आधी अपघात झाला तर आपल्या गाडीखाली सापडलेल्याची भरपाई भलत्याच माणसाच्या गळ्यात पडते, आणि तो आपल्याला शोधत येतो. बाहेरच्या कार्यालयाकडली एनओसी, बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हे हातात पडल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नये. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे गाडी तपासली गेली, अशीही एक समजूत आहे. बँक पाहते ते कर्ज वसूल होईल का. जुन्या वाहनाच्या मूल्यांकनाचे जे छापील नमुने माझ्या हाताखालून गेले, त्यांत रंग होता, टायरांची टक्केवारी होती. पाण्यासाठी रकाना नव्हता.

मग अशी गाडी कधीच घेऊ नये का? स्वतः मिस्त्री असलेल्याने खुशाल घ्यावी; त्याची मजुरी घरची असते. गावात-शेतात चालवायची आहे, घाट नाही, रात्र नाही, पैसा कर्जाचा नाही, मालक ओळखीचा आहे, पाणी दाराच्या उंबऱ्याखालीच होते आणि लगेच केलेल्या दुरुस्तीच्या पावत्या आहेत, तर विचार करावा; पण किंमत सुट्या भागांची द्यावी, गाडीची नव्हे. हे सगळे एकदम जमणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

चिखलीच्या मुलाने सर्व्हिसची यादी मागितली, तेव्हा विकणारा म्हणाला, 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.' तरी मुलाने मिस्त्रीला नेले. त्याने बेल्ट ओढला आणि न बोलता परत सोडला. मुलाने गाडी घेतली नाही. ती आठवड्याच्या आत दुसऱ्या कोणीतरी घेतली.

म्हणूनच हा विषय एकेका गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोडून भागत नाही. एकजण सावध झाला की गाडी पुढच्याच्या दारात जाते. सरकारच्या 'वाहन' या नोंदणी-यंत्रणेत आज गाडीवर कोणत्या बँकेचा बोजा आहे हे दिसते, विमा कधी संपतो हे दिसते. बँकांनी आपले पैसे सुरक्षित राहावेत म्हणून बोजाचा रकाना आग्रहाने भरला. घेणाऱ्याच्या वतीने आग्रह धरणारे कोणी नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणी घेण्याचा नियम आला, तो चांगलाच आहे. पण तो गाडी कोणाच्या ताब्यात आहे ते सांगतो, ती कशातून गेली ते नाही. विमा कंपनीने टोटल लॉसचा दावा मिटवला त्याच दिवशी ती नोंद, पुराची की अपघाताची या कारणासह, त्याच यंत्रणेत चढावी, आणि आरसीसह हिशेब मिटलेल्या गाडीला पुन्हा रस्त्यावर येण्याआधी परिवहन कार्यालयात ब्रेक आणि एअरबॅगची तपासणी द्यावी लागावी. माहिती कंपनीकडे आहे, यंत्रणा सरकारकडे आहे; मधे एक रकाना हवा आहे. तो असता तर चिखलीच्या त्या मुलाला फोनवर गाडीचा नंबर टाकून पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. त्याला दोन रविवार लागले, आणि मिस्त्रीचे पाचशे रुपये.